चंद्रीचा वाटा

झरी,
१६ जानेवारी २०२५

मामा, पाया पडते.

काल फोनवर मी घसा फोडून ओरडले आणि तुम्ही तीनदा "कोण बोलतंय?" म्हणून ठेवून दिला. मामी तुमच्या वैदेहीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आणि तुमचा फोन असून नसल्यासारखा झाला. म्हणून हे पत्र. आमच्या सेंटरच्या दुधाची जीप घेऊन माऊली सकाळी नऊला परभणीत असतो, दुपारी दोनला परत झरीत. तुमच्या फाटकावरूनच जातो. उत्तर त्याच्याचजवळ द्या.

विचारायचं असं. शेजारच्या बन्सीधरनं दोन एकर भाजीपाला केलाय. कोबी, टोमॅटो, गाजर, कांदा. भाव इतके पडलेत की परभणीला न्यायचं भाडं निघत नाही, म्हणून तो माल बांधावर ओततोय. परवा मला म्हणाला, "वहिनी, न्यायचं तेवढं न्या ढोरांला. रान मोकळं झालं की रोटाव्हेटर घालणार हाय, मंग म्हणसाल बन्सीनं सांगितलं न्हाई." कडबा यंदा अर्धाच झालाय. सासूबाई म्हणतात, हिरवं दिसलं म्हणून वाट्टेल ते घालू नको. तुम्ही एकतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलीत. तुम्ही लिहाल तसं करीन.

गोठ्यात दोनच ढोरं आहेत. चंद्री आमची, दुभती गाय. दुसरी हरणी, ती कडूबाईची कालवड. दीड वर्षापासून माझ्याकडे अर्धलीनं आहे. म्हणजे ढोर तिचं, चारापाणी माझं, आणि व्याली की गाय-वासरात दोघींचा अर्धा अर्धा वाटा. सहा महिन्यांची गाभण आहे. कडूबाई आणि सिताराम दिवाळी झाली तसे ऊसतोडीला गेलेत, ते होळीला येतील. ट्रॅक्टरमध्ये चढायच्या आधी ती गोठ्यात आली होती. हरणीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "इजू, ही व्याली की म्या कोयता ठेवला. फुडल्या साली जात न्हाई बघ."

म्हणून विचारतेय. कोबीचे दोन गड्डे पाठवलेत.

तुमची,
विजू


परभणी,
१७ जानेवारी २०२५

चि. विजू,

पत्र आणि गड्डे पोचले. एक गड्डा माऊलीला दिला. तो काहीतरी बोलला, मी हसलो. बहुधा बरंच बोलला असावा.

भाजीपाला टाकून देण्यापेक्षा घालावा, पण शिस्तीने. आधी बन्सीधरला शेवटच्या फवारणीची तारीख विचार. पंधरा दिवस झाले नसतील तर त्या मालाला हातही लावू नको. कोबी एक दिवस सुकू दे, चिरून कडब्याच्या कुट्टीत मिसळ, नुसती घातलीस तर पोट फुगेल. गाजराचे उभे काप कर. गोल तुकडा घशात अडकतो. पाथरीला असताना मी अख्खा हात घालून तो बाहेर काढलेला आहे. टोमॅटो चालेल, त्याचं झाड नाही. सडकं, बुळबुळीत झालेलं काही घालू नको. पहिल्या दिवशी एक टोपलं, मग हळूहळू वाढव.

एवढं पाळलंस तर बाकी भाजीपाल्याचं भय नाही. जे आपल्या ताटात येतं ते त्यांनाही चालतं. सासूबाईंना म्हणावं, सरकारी माणसाने लिहून दिलंय.

या पत्राची स्थळप्रत ठेवली आहे. हसू नकोस. खाली कार्बन घातल्याशिवाय माझा हात चालत नाही.

काशीनाथमामा


झरी,
३० जानेवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठ्याच्या खांबाला टांगलंय. हे येता-जाता ते वाचतात आणि मला "सायब" म्हणतात. बन्सीधरनं शेवटची फवारणी डिसेंबरात केली होती, ते आधी विचारून घेतलं. चंद्रीचं दूध अर्ध्या लिटरनं वाढलं. हरणीचं अंग तुकतुकीत दिसतं.

कडूबाईचा दर रविवारी यांच्या फोनवर फोन येतो. त्या दिवशी तिकडे बाजार असतो, तेव्हा तिला गावात रेंज मिळते. आमच्या पोरांची चौकशी एका वाक्यात आटोपते आणि मग म्हणते, "फोन हरणीच्या मानंजवळ धर." मी धरते. हरणी गव्हाणीत तोंड घालते, गळ्यातली घंटी वाजते, आणि तिकडे कडूबाई नुसती ऐकत राहते. सिताराम मागून ओरडतो, "अगं बॅलन्स संपायलाय!"

चंद्रीचं खाणं मी आता वेगळं ठेवलंय. दुधाचं ढोर, सेंटरवाले फार चिकित्सा करतात. कोबी आणि गाजर संपून आठवडा झाला. आता बांधावर कांद्याचाच ढीग आहे, कोंब फुटलेला. तुमच्यासाठी पिशवीभर पाठवलेत, लवकर संपवा.

विजू


झरी,
६ फेब्रुवारी २०२५

मामा,

माऊली जीप चालू ठेवून थांबलाय. हरणी काल संध्याकाळपासून खात नाही. आज पहाटे तिची लघवी लाल झाली. लाल म्हणजे काळ्या चहासारखी. उभी राहते, पण पाय थरथरतात. डॉक्टरांना फोन केलाय, ते बोरीकडे गेलेत, दुपारनंतर येतील. काय करू ते याच माऊलीजवळ लिहा. तो परत यायची वाट बघते.

विजू


परभणी,
६ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

विजू,

घाबरू नको. लाल लघवी म्हटलं की आपल्या भागात आधी गोचीडताप बघायचा. कानामागे, शेपटीखाली, कासेच्या खाचेत गोचिडं आहेत का बघ. डॉक्टर आले की त्यांना माझं नाव न सांगता एवढंच विचार, गोचीडतापाचं इंजेक्शन द्यायचं का. त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासायला पाठवावा. सावलीत बांध. पाणी पुढ्यातून हलवू नको. चालवू नको.

गेल्या पंधरा दिवसांत तिच्या पोटात काय काय गेलं ते एका कागदावर लिहून ठेव. सगळं. डॉक्टर विचारतील.

माऊली हॉर्न वाजवत असावा, कारण गल्लीतले सगळे माझ्या घराकडे बघत आहेत.

मामा


झरी,
८ फेब्रुवारी २०२५

मामा,

डॉ. शंतनु आले होते. नवीन आहेत, पण हात हलका आहे. म्हणाले, ताप नाही, गोचिडंही दोनचारच दिसतात. तरी इंजेक्शन दिलं आणि रक्ताची काच परभणीला जनावरांच्या कॉलेजात पाठवली. दोन दिवस झाले, फरक नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली त्यांनी. आत पांढरी, कागदासारखी. श्वास लहान लहान घेते. आजपासून बसलीय ती उठत नाही.

त्यांनी खाण्याचं विचारलं. मी सांगितलं ते तुम्हालाही लिहिते: कडबा, कोबी, गाजर, टोमॅटो, थोडी पेंड.

हे म्हणतात, गोचीडतापच आहे, गेली तर कडूबाईला तसं सांगू, त्यात आपला काय दोष. सासूबाई काहीच बोलत नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मामा, पोटातलं वासरू हलतंय का ते बघायला मी तिच्या कुशीवर हात ठेवून बसते. कधी कळतं, कधी कळत नाही.

विजू


परभणी,
९ फेब्रुवारी २०२५

विजू,

काल तुझं पत्र वाचून चपला घातल्या आणि कॉलेजात गेलो. तिथल्या मुलाने पाटीसारख्या मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं: "रक्तात गोचीडतापाचे जंतू नाहीत." म्हणजे माझा अंदाज चुकला. घरी येऊन तुझी सगळी पत्रं पुढे घेऊन बसलो. तीस तारखेच्या पत्रात तू लिहितेस, कोबी-गाजर संपून आठवडा झाला. काल लिहितेस, कोबी, गाजर, टोमॅटो. मग हा पंधरवडा हरणीने काय खाल्लं?

आज माऊलीच्या हातात पेन्सिल दिली आणि विजूच्या दुधात मधे काही फरक पडला होता का, असं विचारलं. त्याने तुझ्याच पाकिटामागे लिहिलं, तसंच उतरवतो: "काका दूध एक नंबर. फक्त २४ तारखेला वापस दिलं, कांद्याचा वास मारत होता. वहिनीला सेंटरवर लय बोलणे बसले. माझे नाव सांगू नका."

त्याचं नाव सांगितलं. माझा इलाज नाही.

कांदा, विजू. कांदा रोज आणि भरपूर गेला की ढोराचं रक्त आतल्या आत फुटतं आणि लघवीवाटे जातं. माणसाला काही होत नाही, गायीला होतं. मला हे माहीत होतं. बोरीला असताना एकदा पाहिलंही होतं. पण आमच्या वेळी कांदा बांधावर कुणी ओतत नव्हतं, म्हणून लिहायचं सुचलं नाही. स्थळप्रत काढून बघितली. "बाकी भाजीपाल्याचं भय नाही." अक्षर माझंच आहे. तू पाठवलेले कांदे दहा दिवस रोज चिरून खातोय आणि एकदाही ध्यानात आलं नाही.

खरं काय ते आजच लिही. आणि डॉक्टरांना आत्ता, हे पत्र खाली ठेवल्याबरोबर, कांदा सांग.

मामा


झरी,
९ फेब्रुवारी, दिवेलागण

मामा,

डॉक्टरांना सांगितलं. ते तसेच मोटारसायकलवर आले. रागावले नाहीत. म्हणाले, "दोन दिवस आधी सांगितलं असतं तर." वाक्य पुरं केलं नाही.

आता तुम्हाला. कोबी संपली तेव्हा मी दोघींनाही कांदा घातला, तेवीस तारखेला. दुसऱ्या दिवशी चंद्रीचं दूध परत आलं. सेंटरवर चार बायांसमोर झाकण उघडून एकेकीनं वास घेतला आणि नाक दाबलं. घरी येऊन चंद्रीचा कांदा बंद केला. हरणी दूध देत नाही, तिला वास लागला तरी कोण बघतंय, असं वाटलं. कडबाही वाचत होता. चौदा दिवस रोज दोन टोपली कांदा तिला एकटीला घातला. सुरुवातीला ती तोंड फिरवायची. मी वरून पेंड भुरभुरायचे म्हणजे खायची.

तुमच्या पत्रात बाकी भाजीपाल्याचं भय नाही असं वाचूनच कांदा घातला हे खरं. पण चंद्रीसाठी दुधाचा आणि हरणीसाठी नुसता तुमच्या पत्राचा, असे दोन हिशेब मी मनात केले होते, तेही खरं. चंद्री कडूबाईची असती आणि हरणी माझी असती तर? दोन दिवस हाच प्रश्न पडलाय, म्हणून यादीत कांदा लिहिता आला नाही.

आज रविवार. कडूबाईचा फोन आला. "हरणीची घंटी ऐकव." हरणी मान टाकून पडलेली. यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेले. मी खाली बसले, तिच्या गळ्यातली घंटी हातात धरली आणि हलवली. कडूबाई थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं हाय. ठिवते." बॅलन्सचं कुणी ओरडलं नाही.

डॉक्टर म्हणतात आता एकच उपाय, दुसऱ्या गायीचं रक्त द्यायचं. तीन-साडेतीन लिटर. गेल्या पंधरा दिवसांत कांदा न खाल्लेली गाय हवी, धडधाकट, माहितीतली. एवढं म्हणून ते चंद्रीकडे बघत राहिले. घरात कुणालाच पटत नाही. मला तुमचं एक अक्षर पाहिजे. चंद्रीला काही होईल का?

विजू


परभणी,
१० फेब्रुवारी २०२५

विजू,

चंद्रीला काही होणार नाही. तिच्या अंगात तीस लिटरच्या आसपास रक्त आहे, साडेतीन गेलं तर महिनाभरात भरून येतं. चार दिवस दूध कमी देईल. आज संध्याकाळी आणि उद्या पहाटे तिला भरपूर पाणी पाज.

हरणी वाचेल असं मी लिहून देत नाही. यापुढे "भय नाही" हे शब्द मी वापरणार नाही.

उद्या माऊलीच्या जीपमधे रिकाम्या कॅनांच्या मधे बसून येतो. डॉक्टरांना एक जुना हात लागेल. दावं नवीन आण, जुनं तुटतं.

मामा


झरी,
१७ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुम्ही चार दिवस राहिलात, सगळं डोळ्यांनी बघितलंत, पण ऐकलं काहीच नाही. ते सांगते.

तुम्ही आणि डॉक्टरांनी चंद्रीच्या मानेत सुई घातली आणि बाटलीत रक्त उतरायला लागलं, तेव्हा सासूबाई दारातून म्हणाल्या, "परक्या ढोरापायी दुभती गाय फाडायलेत. त्या बहिऱ्याच्या नादानं घर बुडतंय का न्हाई बघा." तुम्ही त्यांच्याकडे बघून मान डोलावलीत आणि हात जोडलेत. त्या चटकन आत वळल्या. अजून त्यांना वाटतं तुम्हाला ऐकू येतं.

पहिली बाटली हरणीला लावली आणि तिच्या अंगावर काटा आला, कातडी थरथरली. डॉक्टरांनी नळी दाबून धरली, तेव्हा हे म्हणाले, "गेली." तोवर चंद्रीचा दोर धरून उभे होते. तिसऱ्या बाटलीला हरणीनं जीभ बाहेर काढून नाक चाटलं. बन्सीधर कुंपणापलीकडून बघत होता. तो म्हणाला, "वहिनी, आता तो कांद्याचा ढीग म्या स्वताच गाडून टाकतो. तुमी बघू बी नका तिकडं."

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी ती आपली आपण उठली. आता लघवी स्वच्छ आहे. पापणी अजून फिकी, पण गुलाबी झाक आलीय. डॉक्टर म्हणतात वासरू आहे, पण ती पूर्ण दिवस घेईल की नाही सांगता येत नाही.

काल कडूबाईचा फोन आला. घंटी ऐकव म्हणालीच नाही. पोरांचं विचारलं आणि ठेवला. काल ऐकवली असती तर खरी वाजली असती. पण तिनं मागितली नाही म्हणून मला सुटल्यासारखंच वाटलं.

हे म्हणतात, "ढोर उभं हाय का? मंग झालं. आता सांगून कशाला कालवायचं?" मलाही दिवसा तेच पटतं. हरणीला पाणी दाखवायला गेले की पटत नाही.

विजू


परभणी,
१९ फेब्रुवारी २०२५

विजू,

सासूबाई काय म्हणत होत्या ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. हात म्हणूनच जोडले.

सोबत कडूबाईसाठी एक चिठ्ठी आहे. ती आली की वाचून दाखव. त्यात लिहिलंय की हरणीला कांदा माझ्या लेखी सल्ल्यावरून घातला गेला, चूक माझी, मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, सही, तारीख. यात खोटं एक अक्षर नाही आणि पुराव्याला स्थळप्रत आहे. ती मला बोलेल. मला ऐकू येणार नाही, तेव्हा मला त्याचा त्रासही नाही.

पण हे अर्धंच खरं आहे, ते तुला आणि मला माहीत आहे. उरलेलं अर्धं तुझ्याकडे आहे. किती वापरायचं ते तूच ठरव.

मामा


झरी,
११ मार्च २०२५

मामा,

कडूबाई परवा आली.

चौकात ट्रॅक्टर थांबल्याचं कळलं आणि मी गोठ्यातच थांबले. ती घरी गेलीच नाही. डोक्यावर गाठोडं तसंच ठेवून सरळ इकडे आली. दारात थांबली, हरणीकडे बघितलं आणि गाठोड्यासकट खाली बसली.

"ही हाय?" म्हणाली. "जित्ती हाय?"

मी म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगतंय? हरणी खाताना घंटी दोनदा वाजती आन थांबती. घास चावती तवर थांबती. त्या आइतवारी देवळात वाजवावी तशी वाजायली व्हती. म्या ह्यांला म्हणलं, गेली आपली हरणी. इजी घंटी हालवायलीय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "महिनाभर मेलीच म्हणून ऊस तोडला म्या. फुडल्या सालाची उचल बी घेतो मुकादमाकडनं म्हणलं हे, म्या म्हणलं घ्या."

मामा, मला वाटत होतं मी तिला काळजीतून वाचवलं.

मग सांगितलं. पहिल्या टोपल्यापासून रक्ताच्या शेवटच्या बाटलीपर्यंत. सासूबाई आतून खोकत होत्या, हे दोनदा "पाणी दे की तिला" म्हणून मधे पडले, पण मी थांबले नाही. तुमची चिठ्ठी माझ्या कमरेला खोचलेली होती. तिला हात लावला नाही.

ती सगळं ऐकून उठली. एकच विचारलं, "चंद्रीला घातला व्हता का?"

"एक दिवस. दूध परत आलं म्हणून बंद केला."

"आन हिला?"

"चौदा दिवस."

"वास येतोय एवढं कळलं तुला. मंग ती चीज पोटात कशी आसंल, ते न्हाई कळलं?"

मी म्हणाले, माझा वाटा मला नको, गाय आणि वासरू दोन्ही तुझं. ती म्हणाली, "मागायला तोंड हाय का तुला?" खुंट्याचं दावं सोडलं, गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि हरणीला घेऊन गेली. निघताना चंद्रीजवळ थांबली. तिच्या मानेवर जिथं सुईची जागा होती, तिथं केस अजून आखूड आहेत. तिथं बोट ठेवून बघितलं. मग गेली.

तुमची चिठ्ठी परत पाठवतेय.

विजू


परभणी,
१२ मार्च २०२५

विजू,

चिठ्ठी मिळाली. स्थळप्रतीवर "वापरली नाही" असा शेरा मारून फाईलला लावली.

हरणी तिच्या दारापर्यंत आपल्या पायांनी चालत गेली का? एवढंच कळव. व्यायला महिनाभर आहे. कडूबाईला तू सांगू नको, डॉ. शंतनुंकडून सांगव: पेंड थोडी वाढवा, गूळ-पाणी द्या.

मामी उद्या येतेय. यापुढे फोन केलास तरी चालेल. पण पत्र लिही.

मामा


झरी,
२२ एप्रिल २०२५

मामा,

फोन केला असता, पण हे मामीनं तुमच्या कानाशी ओरडून सांगण्यासारखं नाही.

चाळीस दिवस कडूबाई माझ्याशी बोलली नाही. नळावर मी गेले की ती घागर अर्धी भरूनच उचलायची. हरणी कशी आहे ते मी बन्सीधरकडून ऐकायचे. तो मुद्दाम मोठ्यानं बोलायचा, म्हणजे आम्हा दोघींनाही ऐकू जावं. एकदा तिच्या घरावरून जाताना दिसलं, ती ऊसतोडीच्या कोयत्यानं हरणीसाठी गवत कापत होती. त्या कोयत्याकडे बघत मी किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक. तिनं मान वर केली आणि मी चालायला लागले.

शनिवारी हरणी व्याली. कालवड झाली. लहानखुरी आहे, पहिल्या दिवशी धरून पाजावं लागलं, आता आपली आपण उठते. हेही बन्सीधरनंच सांगितलं. मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?

काल सकाळी कडूबाई दारात. हातात ॲल्युमिनियमची कासंडी, वर फडकं. "भांडं काढ," म्हणाली. मी पातेलं पुढं केलं. तिनं त्यात चीक ओतला, घट्ट, पिवळाधमक. अर्धी कासंडी ओतली आणि थांबली.

मी म्हणाले, "कडूबाई, मी म्हणलं होतं ना, मला वाटा नको."

"तुला कोण द्यायलंय? ह्यो चंद्रीचा वाटा हाय. रगत तिनं दिलं."

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "गाय खरवस खाती व्हय गं?"

"तिच्या नावानं तुमी खावा, मावशी. परकं ढोर म्हणून तुमीच वरडला व्हता न? आता परक्या ढोराचा चीक गोड लागतोय का कडू, ते बघा."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय ते कळलं नाही.

जाताना कडूबाई खांबाजवळ थांबली. तुमचं जानेवारीतलं पत्र अजून तिथंच टांगलेलं आहे. "हेच का ते मामाचं? वाच." मी सगळं वाचून दाखवलं, फवारणीपासून "भय नाही"पर्यंत. तिनं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "ह्याच्यात कांदा कुठंय?"

"नाही. तेच तर."

"मंग तुझ्या मामाला म्हणाव, दुसरं लिव्हा. कांदा समद्याच्या वर, मोठ्या अक्षरात. दोन कागद. एक माझ्या गोठ्याला." उंबऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा वळली. "बन्सीनं भेंडी वतलीय बांधावर. कागद येस्तवर हात लावू नको. म्या बी न्हाई लावत."

खरवसाचा डबा माऊलीजवळ दिलाय. अर्धा तुमचा, अर्धा मामीचा; माऊलीनं त्याचा वाटा आधीच खाल्लाय, नाही म्हणाला तरी. डबा रिकामा परत पाठवू नका. त्यात दोन कागद घाला.

विजू